आठ बावन्न ते आठ त्रेपन्न

ही घडलेली गोष्ट आहे.

मी रोज सकाळी नेमाने देवापुढे बसणारी बाई. खोटं बोलायला जीभ रेटत नाही, लिहायला तर हात त्याहून नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. माझा आग्रह नाही.

माझ्या मावसबहिणीच्या घरात हे घडलं. आम्ही सगळे तिला धाकटी म्हणतो. तिने मला जे सांगितलं, जसं सांगितलं, तसंच लिहिते आहे.

रात्रबित्र नाही. भर सकाळचं आहे. रविवार, लख्ख ऊन, डांबरी रस्ता, आणि आठ वाजून बावन्न मिनिटं.

वेळ लक्षात ठेवा.

धाकटी मालवाहतुकीच्या कचेरीत कामाला. तिच्यासमोर एक मोठा पडदा, पडद्यावर नकाशा, आणि नकाशावर बासष्ट गाड्या मुंग्यांसारख्या सरकत असतात. कुठली गाडी कुठे आणि किती वेळ थांबली, यावर नजर ठेवायची. चालकांची कारणं तिला तोंडपाठ आहेत. एकदा एकाने सांगितलं होतं, "ताई, मेंढ्या आडव्या आल्या."

"पन्नास मिनिटं?"

"कळप मोठा होता, ताई."

चालती गाडी नकाशावर रेघ ओढत जाते. थांबली की ठिपके एका जागी साचतात आणि दोऱ्याला बसावी तशी रेघेला गाठ बसते. धाकटी हसून म्हणायची, "मला गाठी शोधण्याचा पगार मिळतो."

ही सवय घरी कामाला येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तिचा नवरा छापखान्यात. आठवडाभर यंत्रांचा आवाज ऐकायचा आणि रविवारी मोटारसायकल काढायची. आठ-दहा जणांचा गट. हा सगळ्यांच्या पुढे असायचा. रस्ते हाच शोधायचा. मोबाईल हँडलला लावायचा आणि सगळ्या वाटेची नोंद करायचा. गटात त्याचं नावच 'नकाशा' पडलं होतं.

सगळ्यांच्या मागे असायचे मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. त्यांची गाडी जुनी, साखळीवरचं झाकण ढिलं. ते आले की आधी खळ्-खळ्-खळ् ऐकू यायचं, मग मास्तर दिसायचे. कोणी मागे राहू नये म्हणून ते मुद्दाम शेवटी चालवायचे. त्यांचाही मोबाईल नोंद करत असायचा.

गटाचा नियम मास्तरांनीच घालून दिलेला. प्रत्येक वळणानंतर आरशात बघायचं. मागचा दिसला तरच पुढे जायचं. नाही दिसला, तर थांबायचं.

घरी पोचल्यावर पुढच्याची रेघ आणि मागच्याची रेघ एकावर एक ठेवायची. दोन्ही जुळल्या की मास्तर गटाला कळवायचे, "रेघ जुळली. सगळे घरी." त्यानंतरच सहल संपली म्हणायचं.

गेल्या वर्षी एका रविवारी रेघ जुळली नाही.

जुन्या खडीच्या खाणीजवळ एक वळण आहे. नाश्त्याच्या जागी सगळे पोचले, मास्तर पोचले नाहीत. वाट पाहून नवरा आणि दोघं मागे गेले. रस्त्याच्या डावीकडे, खाली उतारावर, मास्तर सापडले. संपले होते.

डॉक्टर म्हणाले होते, पडल्यावर अर्धा तास तरी जीव असावा.

ते मास्तरीणबाईंना कोणी सांगितलं नाही. त्यांना सांगितलं, जागच्या जागी गेले. त्या तेव्हापासून भेटेल त्याला एकच विचारतात, "ते एकटेच होते का हो शेवटी?"

सात महिने गट घराबाहेर पडला नाही. मग हळूहळू गाड्या निघाल्या. रस्ता तोच. नवरा पुढे. मागची जागा मात्र कोणी घेतली नाही.

त्या पहिल्या रविवारी नवरा आला, अंघोळ करून जेवायला बसला, आणि नेहमीसारखा फोन तिच्याकडे सरकवून म्हणाला, "भरकटलेले ठिपके काढून जरा रेघ साफ करून दे ना गं. गटाला पाठवायची आहे."

तिने रेघ उघडली.

खाणीच्या वळणावर... गाठ होती.

चार मिनिटांची.

"खाणीपाशी थांबला होतात?"

"कुठे? छे. थांबलो नाही."

"मग फोन खोटं बोलतोय?"

"तुझ्या कचेरीतला चालक नाही मी," तो हसला. पण हसताना घास हातातच राहिला होता.

तिने विषय सोडला. मनातून काही सुटला नाही.

दुसऱ्या रविवारी नऊ मिनिटं. जागा तीच, वेळ तीच. आठ बावन्न.

तिसऱ्या रविवारी त्याने फोन दिलाच नाही. "मी करतो साफ," म्हणाला. पंधरा वर्षांत ज्या माणसाला स्वतःचा मोजा सापडत नाही, तो रेघ साफ करणार!

आता तुम्हीच सांगा, कुठल्या बाईच्या मनात काय येईल? तिच्याही तेच आलं. खाणीपलीकडे वीस-पंचवीस घरांची नवी वस्ती झाली होती. पडदे लावलेली, कुंड्या मांडलेली घरं.

तिने गटातल्या जाड्याला फोन केला. जाड्याचं बेकरीचं दुकान, पोटात काही राहत नाही.

"भावजी, खरं सांगा. हे खाणीपाशी थांबतात ना?"

"थांबतात? अहो वहिनी, तुमचे हे आम्हाला तोंडावर पाणी मारायला थांबू देत नाहीत! खाण आली की गाडी अशी पळवतात, मागे जसं काही..."

"जसं काही काय?"

"काही नाही. गिऱ्हाईक आलं, ठेवतो."

फोनमधून तिला गिऱ्हाईक काही ऐकू आलं नाही.

नवरा झोपला होता तेव्हा, दुपारच्याला, तिने त्याचा फोन घेतला. त्याचंच बोट लावून उघडला. असं तिने कधी केलं नव्हतं.

गाठ तेरा मिनिटांची झाली होती.

तिने ठिपक्यांची यादी काढली. ही नोंद दर सेकंदाला एक ठिपका टाकते. मिनिटाला साठ. आठ एक्कावन्नला साठ ठिपके. आठ त्रेपन्नला साठ.

आठ बावन्नला... सातशे ऐंशी.

तिने पुन्हा मोजले. तेरा मिनिटांचे ठिपके एका मिनिटात बसले होते. त्याच्या अलीकडची-पलीकडची वेळ सेकंदभरही हललेली नव्हती. म्हणून तर जाड्याला थांबलेलं दिसलं नव्हतं.

यंत्र बिघडलं असेल, तिने स्वतःला समजावलं. मग गाठ मोठी करून बघितली.

ती गाठ नव्हतीच.

ठिपके रस्त्यावरून डावीकडे उतरत होते. हळूहळू. माणूस चालतो तसे. चाळीस पावलं खाली जात होते आणि तिथे थबकत होते.

गाडी तिथे उतरूच शकत नाही.

ती दाराशी गेली. नवऱ्याचे बूट उलटे केले. तळांना लाल मुरूम चिकटला होता. ओला. घरापासून घरापर्यंत त्यांचा रस्ता डांबरी.

"पुढच्या रविवारी मी येणार," तिने जाहीर केलं.

"तू? तुला तर गाडीवर पाठ धरते."

"धरू दे. आणि पुढे नाही, शेवटी चालवायची. मला सगळे पुढे दिसले पाहिजेत."

त्याने तिच्याकडे बघितलं. "संशय घेतेस?"

"थांबत नाही म्हणालात ना? मग भ्यायचं काय?"

तो कसाबसा तयार झाला. सहाला निघाले. पुढे सात गाड्या, शेवटी हे दोघं. तिने आपला फोन पर्समध्ये ठेवून त्यातही नोंद सुरू केली होती. एक त्याची रेघ, एक तिची. बघू या जुळतात का.

साडेआठ वाजून गेले. तिने त्याची कंबर धरली होती, तिला त्याचा श्वास हाताखाली कळत होता.

खाण दिसली. पुढच्या सात गाड्या एकेक करून वळणाआड गेल्या.

तिची नजर डाव्या आरशात गेली...

मागे एक दिवा होता.

एकच. पिवळट. मोटारसायकलचा.

ती मनात म्हणाली, आपण तर शेवटी आहोत.

तिने मान वळवली. रस्ता मोकळा. ऊन. एक कागद उडत गेला, तेवढंच.

पुन्हा आरशात बघितलं. दिवा होता. जवळही येत नव्हता, लांबही जात नव्हता.

आणि मग वाऱ्यातून, पुसट...

खळ्. खळ्. खळ्.

"अहो..."

"मागे बघू नकोस," नवरा म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला. जशी काही त्याला आता सवय झाली होती.

तिने डोळे मिटले. मनगटावरच्या घड्याळाचा काटा तिला कातडीवर जाणवत होता म्हणे. डोळे उघडले तेव्हा खाण मागे गेली होती. पुढे जाड्या हात हलवत होता. आठ त्रेपन्न.

ते थांबले नव्हते. ती शपथेवर सांगते, चाकाचा वेगसुद्धा कमी झाला नव्हता.

घरी येऊन तिने दोन्ही फोन टेबलावर ठेवले. तिची रेघ सरळ, स्वच्छ. त्याच्या रेघेत आठ बावन्नला एक हजार वीस ठिपके.

सतरा मिनिटं. आणि आता चालणं पूर्ण झालं होतं. चाळीस पावलं खाली, तिथे बराच वेळ, मग चाळीस पावलं वर.

म्हणजे बाई नव्हती. कुठल्याच पडद्याआड कोणी नव्हतं. एखादीला हायसं वाटलं असतं. धाकटीला मात्र वाटलं नाही. कारण बाई असती, तर निदान कळलं असतं की हा माणूस काय लपवतो आहे.

तिला कचेरीतली एक गोष्ट आठवली. चालक कधीकधी नोंदीतला नको असलेला तुकडा कापतात. रेघ सांधली जाते, बघणाऱ्याला कळत नाही. पण कापलेली नोंद वेगळी आणि मूळ नोंद वेगळी. मूळ नोंद खाली तशीच पडून असते, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

तिने मास्तर गेले त्या रविवारची नवऱ्याची रेघ काढली. वरवर साफ होती. कुठेही गाठ नाही. तिने मूळ नोंद मागितली. फोनवर एक चक्र फिरत राहिलं...

खाणीचं वळण. तिथून रेघ पुढे गेलेली. दोन वळणं पुढे. मग उलटी फिरलेली. परत खाणीपाशी. आठ बावन्न. चाळीस पावलं खाली. सतरा मिनिटं. चाळीस पावलं वर.

आणि मग सुसाट, नाश्त्याच्या जागेपर्यंत.

एरवी हा सगळ्यांच्या पुढे असायचा, पण त्या दिवशी पोचला होता सगळ्यांच्या शेवटी. 'पेट्रोल भरायला आडवाटेला गेलो होतो' असं त्याने सांगितलेलं तिला आठवलं. नोंदीत आडवाट नव्हती.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हातात हेल्मेटची काच पुसायचं फडकं.

"किती दिवस झाले बघतेस?"

"तुम्ही खाली गेला होतात."

तो खुर्चीवर बसला. फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मी आरशात बघितलं नव्हतं," तो म्हणाला. "दोन वळणं. रस्ता मोकळा मिळाला, पळवली. बाकीच्यांना म्हटलं होतं, तुम्ही व्हा पुढे छोट्या वाटेने. मास्तर तेवढे माझ्या मागे आले. मग आरशात बघितलं तर मास्तर नाहीत. मागे फिरलो."

"मग?"

"खाली पडले होते. मी उतरलो. मला वाटलं... गेले."

"वाटलं?"

त्याने फडकं टेबलावर ठेवलं.

"सतरा मिनिटं, अहो. मेलेल्या माणसापाशी सतरा मिनिटं काय करत होतात?"

"तिथे फोन लागत नव्हता."

"मी ते नाही विचारलं. बोलले का ते तुमच्याशी?"

बाहेर कोणीतरी पोराला हाका मारत होतं. नळ ठिबकत होता. त्याने उठून तो घट्ट बंद केला.

आजतागायत त्याने त्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

एवढंच म्हणाला, "सगळ्यांना काय सांगणार होतो? नियम मोडून पुढे गेलो, आणि मग टाकून आलो? मला नुसतं न बघितल्यासारखं करायचं होतं. परत सगळ्यांबरोबर जायचं, आणि तेव्हा सापडले म्हणायचं."

"मास्तरीणकाकू विचारतात हो. दर वेळी विचारतात. जाऊन सांगा त्यांना."

"सांगून मास्तर येणार आहेत का? आपली पोरगी नववीत आहे. उद्या पोलीस, परवा गट, तेरवा छापखाना. तू सांग, जाऊ?"

हे सगळं धाकटी मला फोनवर सांगत होती.

मग म्हणाली, "ताई, मी मूळ नोंद काढून टाकली."

"म्हणजे?"

"कायमची. कशी काढायची ते मला येतं. यंत्राने विचारलं, नक्की? मी हो दाबलं. यंत्राने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो दाबलं."

पुढच्या रविवारी नवऱ्याची रेघ साफ आली. आठ बावन्नला साठ ठिपके. त्यापुढच्या रविवारीही साठ. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. शीळ घालत गाडी धुवायला लागला. जाड्याला म्हणाला, मागची जागा आता मी घेतो.

धाकटीला वाटलं, सुटलो.

तिचे गुडघे दुखतात, म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. ती कचेरीपर्यंत चालत जाते आणि किती चाललो ते तिचा फोन नोंदवून ठेवतो. ती कधी उघडून बघत नाही. त्या मंगळवारी सहज बघितलं.

रोजचा रस्ता. रोजचा पादचारी पूल. आठ बावन्नला ती पुलाच्या मधोमध होती, गर्दीत, एका हातात डबा.

तिथे रेघ... डावीकडे वळली होती.

पुलाच्या डावीकडे कठडा आहे. कठड्यापलीकडे फक्त हवा.

रेघ हवेत उतरत गेली होती. हळूहळू. माणूस चालतो तशी.

दोनशे चाळीस ठिपके. चार मिनिटं.

तिला सुरुवात कुठून होते ते माहीत होतं.

मला तिने हे सगळं सांगितलं तेव्हा तिची तेरा मिनिटं झाली होती. रस्ता बदलला, वेळ बदलली, फोन घरी ठेवून बघितला. ज्या दिवशी फोन घरी राहिला, त्या दिवशी टेबलावरच्या फोनने चालण्याची नोंद केली.

"आणि ताई, मागे आवाज येतो. पायी चालत असले तरी येतो. साखळीचा."

"नवरा काय म्हणतो?"

"म्हणतो, मला तर काही ऐकू येत नाही. तुझ्या मनाचे खेळ आहेत." ती हसली. तसं हसणं पुन्हा ऐकू येऊ नये. "आधी मी संशय घेत होते, आता तो घेतो."

"काकूंकडे जा," मी म्हणाले. "आजच्या आज जा. सांगून टाक."

"काय सांगू? पुरावा मीच पुसला. नवरा नाही म्हणाला तर मी खोटी."

"खोटी तर खोटी. जा."

"जाईन. उद्या जाते."

ते उद्या अजून आलेलं नाही. परवा फोन केला तर तिने उचलला नाही. काल नवऱ्याने उचलला. म्हणाला, "बरी आहे, झोपली आहे." सकाळचे साडेदहा वाजले होते. धाकटी आयुष्यात कधी त्या वेळी झोपलेली मला माहीत नाही.

मास्तरीणबाईंचं घर मला माहीत आहे. एकदा धाकटीबरोबर गेले होते. बाईंनी मलासुद्धा विचारलं होतं, ते एकटेच होते का हो. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, म्हणून मी मोकळ्या मनाने म्हणाले होते, देवाला ठाऊक.

आता मलाही ठाऊक आहे.

रोज पूजा झाल्यावर ठरवते, आज जायचं. मग वाटतं, बहिणीचा संसार आहे. आपण कोण मोडणार? दोन आठवडे असेच गेले.

मीही सकाळी चालायला जाते. बागेला तीन फेऱ्या, सपाट फरशीवरून. फोन पदराशी असतो. आज परत आले, दार उघडताना भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. आठ त्रेपन्न.

पाय भरून आले होते. चढ चढून आल्यासारखे.

खाली बघितलं...

चपलांना लाल मुरूम होता. ओला.

फोन मी अजून उघडलेला नाही. चपला मात्र लगेच धुवून टाकल्या. दोनदा.